बालाघाटचा रानमेवा

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) अंगाने बीड जिल्ह्यात शिरून आष्टी, पाटोदा, बीड, केज, धारूर असे तालुके ओलांडीत अंबाजोगाईकडे उतरत जाणारी बालाघाटची डोंगररांग या जिल्ह्याचे सरळ दोन भाग पाडते. उत्तरेस गेवराई आणि माजलगावची गंगथडी, काळी, खोल आणि कसदार, जिच्यावर कापूस आणि पाण्याची सोय झाल्यापासून ऊस उभा राहतो. आणि रांगेच्या माथ्यावर व उतारांवर मुरमाड, हलकी, वीतभर खोलीची जमीन, जिथे सह्याद्रीने अडवून घेतलेल्या ढगांचा उरलासुरला अंश बरसला तर बाजरी, तूर आणि शाळू पदरात पडतो, न बरसला तर बैलगाड्यांवर संसार लादून मुलूख सोडावा लागतो. याच माथ्यावर पाटोदा तालुक्यात मांजरा नदी उगम पावते, याच तालुक्यात सौताड्याचा धबधबा दरीत कोसळतो आणि नायगावचे मयूर अभयारण्यही येथेच आहे. परंतु या प्रकरणाचा विषय नदी नव्हे, धबधबा नव्हे आणि मोरही नव्हे. खडकाच्या कपारीतून आणि बांधाच्या कडेने, कोणी न लावता आणि कोणी पाणी न घालता, बोर, करवंद, जांभूळ यांसारखी जी लहान लहान फळे या डोंगराला लागतात, त्यांनी मनुष्याच्या प्रकृतीला नेमका काय लाभ होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही फळे कोणाच्या हिशेबात कधीच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चाललेल्या निजामाच्या अंमलात काय आणि त्यानंतरच्या स्वराज्यात काय, महसुली दप्तराने जमिनीची प्रत लावली, आकार ठरवला, विहिरीची आणि आंब्याच्या झाडांची नोंद पाहणीपत्रकात चढवली. मात्र करवंदाची जाळी ज्या खडकाळ तुकड्यात वाढते तो तुकडा पोटखराब्यात जाऊन पडला. गावोगावी चिंचेच्या झाडांचा लिलाव पुकारला जातो, सीताफळाच्या बनांचा होतो, पण करवंदाचा लिलाव पुकारलेला कोणी ऐकला नसेल. ज्या वस्तूला किंमत नाही तिला मालकही नसतो, आणि जिला मालक नसतो ती वस्तू गुराख्याची, पोरासोरांची, सरपणाला गेलेल्या बायांची असते. रानमेव्याचे हे निर्मालिकत्व मला त्याच्या पोषणमूल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. कारण जे अन्न फुकट मिळते तेच गरिबाच्या पोटात नियमाने जाते.

वनस्पतिशास्त्रज्ञांची वर्गवारी येथे फारशी उपयोगी पडत नाही. त्यांच्या व्याख्येप्रमाणे मऊ गराच्या फळांच्या पंक्तीत करवंदाच्या मांडीला मांडी लावून टोमॅटो, वांगे आणि केळेही बसते, आणि कठीण आठळीचे बोर मात्र पंक्तीतून उठवले जाते. पोटाला हे शास्त्र कळत नाही. जे फळ एका चिमटीत तोडता येते, एका घासात तोंडात जाते आणि सालीसकट खाल्ले जाते, त्याला या प्रकरणापुरते एका जातीचे मानले म्हणजे पुरे. आणि सालीसकट ही अट तर मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण गुणांचा मोठा वाटा सालीतच असतो.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या क्षुल्लक फळांना क्षुल्लक लेखले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे पन्नास गण सांगितले आहेत आणि प्रत्येक गणात दहा द्रव्ये आहेत. त्यांपैकी हृद्य म्हणून जो गण आहे त्यात आंबा, डाळिंब, महाळुंग यांच्या जोडीला करमर्द म्हणजे आपले करवंद आहे आणि कुवल व बदर अशी बोराची दोन रूपे आहेत. दहांत तीन जागा डोंगरावरच्या काटेरी झुडपांनी पटकावाव्यात, ही गोष्ट लहान नव्हे. जांभळाची नोंद वेगळ्या गणात सापडते. लघवीचे अतिरिक्त प्रमाण आवरणाऱ्या, म्हणजे मूत्रसंग्रहणीय द्रव्यांत जांभूळ पहिलेच आहे, आणि पुढे मधुमेहावर जांभूळ हे जे समीकरण घरोघर रूढ झाले त्याचे एक मूळ येथे दिसते. कारण वारंवार आणि विपुल लघवी होणे हे त्या व्याधीचे सर्वांच्या नजरेत भरणारे लक्षण होय. लक्षण आवरले म्हणजे व्याधी आवरली असे होत नाही, याचा विचार पुढे येईलच.

आधुनिक रसायनशास्त्राने या प्रश्नाला हात घातला तो रंगाच्या बाजूने. पिकलेल्या जांभळाने जीभ निळी पडते आणि करवंदाने ओठ लालभडक होतात, याचे कारण अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये. ती फळाच्या सालीत आणि सालीलगतच्या गरात दाटलेली असतात व उन्हाच्या तापापासून पेशींचे रक्षण करणे, बी पसरवणाऱ्या पक्ष्याला दुरून खूण करणे, ही त्यांची वनस्पतीच्या आयुष्यातील कामे. मनुष्याच्या शरीरात जाऊन ती काय करतात, याविषयी मागील पिढीची समजूत अशी होती की श्वसनातून आणि पचनातून जे दाहक कण निर्माण होतात त्यांना ही द्रव्ये जागच्या जागी निष्प्रभ करतात. या समजुतीवर मोठा बाजार उभा राहिला. परीक्षानळीत कोणते फळ किती दाहक कण विझवते याची आकडेवारी वेष्टनांवर झळकू लागली, आणि अखेर २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने असे आकडे देणारे आपले कोष्टक स्वतःहून मागे घेतले. कारण नळीत जे घडते ते शरीरात तसेच घडते याला आधार नव्हता आणि व्यापारी मात्र त्या आकड्यांचा सर्रास गैरवापर करीत होते. वस्तुतः या रंगद्रव्यांपैकी फारच थोडा अंश जसाच्या तसा रक्तात उतरतो. बाकीचा मोठ्या आतड्यात पोहोचतो, तेथील जंतू त्याचे विघटन करतात, आणि त्यातून निघालेली लहान द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम घडवून त्यांना सैल व लवचिक ठेवण्यास हातभार लावीत असावीत, असे आता मानले जाते.

प्रत्यक्ष माणसांवरची निरीक्षणे या मानाने अधिक बोलकी आहेत. अमेरिकेत परिचारिकांच्या आहाराची आणि आजारांची वर्षानुवर्षे टिपणी ठेवणारा एक प्रचंड उपक्रम चालू आहे. त्यातील सुमारे ९३,६०० स्त्रियांची अठरा वर्षांची हकीकत २०१३ साली प्रसिद्ध झाली, आणि ज्या स्त्रिया आठवड्यातून तीन वेळांहून अधिक स्ट्रॉबेरी वा ब्लूबेरी खात होत्या त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण, ही फळे क्वचित खाणाऱ्यांच्या मानाने, एकतृतीयांशाने कमी आढळले. त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या पाहणीत ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे अखंड खाणाऱ्यांत मधुमेह कमी दिसला, तर फळांचा रस पिणाऱ्यांत तो उलट किंचित अधिक दिसला. या दुसऱ्या निष्कर्षाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. रस काढताना साल व चोथा फेकला जातो, साखर तेवढी गाळून पेल्यात येते आणि चावण्याचा अवधी वाचल्यामुळे ती झपाट्याने रक्तात उतरते. अर्थात असल्या पाहण्यांना एक अंगभूत मर्यादा असते. महागडी फळे नियमाने खाणारी बाई बहुधा धूम्रपान कमी करते, फिरायला जाते आणि वेळेवर डॉक्टरकडेही जाते. संशोधक गणिताने या गोष्टींचा हिशेब वजा करतात, पण सगळाच हिशेब वजा होतो असे मानण्याचे कारण नाही. शिवाय या अभ्यासांत जांभूळ नाही, करवंद नाही, बोर नाही. रंगद्रव्यांच्या जातकुळीवरून आपण अनुमान करतो, आणि अनुमान हे अनुमानच म्हणून सांगावे.

बोराच्या बाबतीत मात्र अनुमानाची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके तयार केली आहेत, त्यांतील जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम बोरांत ७६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व नोंदले आहे आणि संत्र्यात त्याच्या निम्म्याहून कमी. जात, जमीन आणि पिकण्याची अवस्था यांनुसार हा आकडा खालीवर होतो हे खरे. तरी प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅमची शिफारस त्याच संस्थेने २०२० साली केली आहे, आणि ओंजळभर बोरांनी तिचा बराचसा भाग पुरा होतो, एवढे निःशंकपणे म्हणता येते. नागपूरचे संत्रे मालमोटारीतून येते आणि त्याला दाम मोजावा लागतो. बोराटी मात्र शेताच्या बांधावर उभी असते.

हे झाड जवळून पाहण्यासारखे आहे. पानाच्या देठापाशी काट्यांची जोडी असते, त्यांतला एक सरळ असतो आणि दुसरा मागे वाकलेला, त्यामुळे हात आत जाताना जो काटा लागत नाही तो बाहेर काढताना सदऱ्याची बाही धरून ठेवतो. पान वरून हिरवेगार, खालून पांढुरक्या लवेचे, आणि शेळ्यांना ते इतके प्रिय की बोराटीच्या खालच्या फांद्यांवर पाला सहसा दिसतच नाही. उन्हाळ्यात हे झाड पाने झाडून स्वस्थ बसते, पाऊस पडला की पालवते, भाद्रपद-आश्विनात फुलते आणि मार्गशीर्षापासून माघापर्यंत फळते, म्हणजे ज्या दिवसांत जमिनीत सर्वात अधिक ओल असते त्याच दिवसांत आपला सगळा संसार उरकून घेते. दुष्काळी मुलखाला इतके शहाणे झाड दुसरे नाही. म्हणूनच १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी फळबागांची सांगड घातली तेव्हा कोरडवाहू जमिनीसाठी ज्या फळझाडांची तजवीज झाली त्यांत बोराला मानाचे स्थान मिळाले. जंगली बोराटीच्या खुंटावर उमराणसारख्या जातीचा डोळा भरायचा आणि उन्हाळ्यात छाटणी करायची; फळ सुपारीएवढे होते ते लिंबाएवढे होऊ लागले. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एक उणीव राहिली: गर वाढला, पाणी वाढले, आणि गावठी बोराची ती आंबटतुरट धार बोथट झाली. बोरात अळी असण्याचा संभव दोन्हीकडे सारखाच. एक विशिष्ट माशी कोवळ्या फळाला छिद्र पाडून आत अंडे घालते, सबब बोर फोडून पाहून खाण्याची जुन्या बायकांची सवय मोडू नये.

संक्रांतीच्या सुगडात ऊस, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाची ओंबी यांच्याबरोबर बोर असते, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना बोरन्हाण घालताना डोक्यावरून चुरमुरे व बोरे ओततात ती पोरे धावून वेचून खातात. अंबाजोगाई-केजकडच्या भागात वेळ अमावास्येला सगळे घर शेतात जेवायला जाते तेव्हाही बांधावरची बोराटी हाताशीच असते. सणांची ही योजना आहाराच्या हेतूने झाली असे मी म्हणणार नाही. जे त्या ऋतूत पिकते ते देवापुढे जाते आणि मग मुखात जाते, एवढाच तिचा सरळ अर्थ. पण परिणामी थंडीच्या ऐन दिवसांत, जेव्हा पालेभाजीखेरीज ताजे काही परवडत नाही, तेव्हा मुलांच्या पोटात क जीवनसत्त्व जाते.

आणि या जीवनसत्त्वाचे एक काम असे आहे, जे बीड जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे ठरावे. बाजरी आणि ज्वारी यांत लोह पुष्कळ असते, परंतु धान्यातील फायटेट नावाचे द्रव्य त्याला घट्ट धरून ठेवते आणि आतड्याला ते सहजी सोडीत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर लोहाचे रूप पालटून ते शोषले जाण्यास सुकर होते. उलट जेवणावर लगोलग घेतलेला चहा शोषणात अडथळा आणतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या गोळ्या हव्यातच, त्यांना पर्याय नाही. पण भाकरीतले जे लोह ताटात असूनही अंगी लागत नाही, ते अंगी लावणारे फळ बांधावर असावे आणि ते जेवणाच्या वेळी न खाता नुसते चाळा म्हणून खाल्ले जावे, हा आपल्या आहारातील व्यवस्थेचा दोष होय.

येथे या जिल्ह्याच्या जीवनक्रमाची एक विसंगती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांड्यांवरची धडधाकट माणसे मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता या हिशेबाने पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात, कोपीत राहतात, पहाटे चुलीवर भाकरी बडवून फडात उतरतात, आणि हंगाम आटोपून परत येतात तेव्हा चैत्र-वैशाख लागलेला असतो. म्हणजे गावच्या बोराटीला फळ येते तेव्हा खाण्यास घरी राहिलेले म्हातारे आणि त्यांच्या हवाली केलेली पोरे असतात. रक्तक्षयाचा धोका जिला सर्वाधिक त्या तोडणीवाल्या बाईच्या वाट्याला ते फळ येत नाही. ती परतते तेव्हा करवंदे पिकू लागलेली असतात आणि ज्येष्ठाच्या पहिल्या सरींबरोबर जांभळे गळू लागतात. तिच्या आहारातल्या ताज्या फळांचे जवळजवळ सगळे खाते या दोन महिन्यांत मांडावे लागते.

करवंदाची ख्याती लोहाविषयी आहे, आणि ती तपासून घेणे अवश्य आहे. पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात करवंदापुढे शंभर ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम लोह असा डोळे दिपवणारा आकडा छापलेला आहे, आणि तो वर्तमानपत्री आरोग्यसदरांतून वर्षानुवर्षे जसाच्या तसा फिरत आला. पण तो आकडा सुकवलेल्या करवंदाचा आहे, ही गोष्ट फिरता फिरता गळून पडली. ताज्या करवंदात शंभरातील एक्याण्णव भाग पाणी असते. तेव्हा सुक्याचा आकडा ताज्याला लावणे म्हणजे कोरड्या मिरचीच्या भावाने ओली मिरची तोलण्यासारखे झाले. ताजे करवंद लोहासाठी खाऊ नये असे माझे म्हणणे नाही; त्यातील आंबट आम्ले भाकरीतल्या लोहाला मदत करतात, त्याच्या सालीत रंगद्रव्ये आहेत, गरात पेक्टिन नावाचा विरघळणारा तंतू आहे, जो आतड्यात साखर व मेद यांच्या शोषणाचा वेग मंदावतो, आणि याच पेक्टिनमुळे करवंदाचा मुरंबा चटकन घट्ट बसतो. कच्च्या करवंदाचे लोणचे व चटणी डोंगरपट्ट्यात घरोघर होते. तोडण्याची रीतही सांगून ठेवतो: फांदीवरच्या काट्याला दोन फाटे असतात, म्हणून फळ ओढायचे नाही, चिमटीत धरून पिळवटायचे, देठाशी पांढरा चीक निघतो, तो ओठाला चिकटतो आणि खवखवतो, तेव्हा द्रोणातली करवंदे पाण्यात घोळून, देठाकडची बाजू पुसून मग तोंडात टाकायची.

जांभळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे श्रद्धा आणि पैसा दोन्ही गुंतलेले आहेत. ज्येष्ठ-आषाढात रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकाला चव सांगत नाही, ती म्हणते, “घ्या की मामा, शुगरवाल्याला लई गुणकारी हाय.” आणि मामा घेतात. जांभळाच्या बीत जंबोलिन नावाचे द्रव्य आहे, एलॅजिक आम्ल आहे; एकोणिसाव्या शतकात हे बी युरोपातील औषधी दुकानांतही जाऊन पोहोचले होते. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत बीच्या अर्काने रक्तातील साखर उतरल्याचे दाखवले गेले आहे. परंतु उंदीर आणि मनुष्य यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजण्याचे काम ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे येथील संशोधकांनी केले. तेथेही मधुमेही लोक जांभळाच्या पानांचा काढा श्रद्धेने पीत. संशोधकांनी काहींना हा काढा, काहींना दुसरा निरुपद्रवी काढा आणि काहींना नेहमीची औषधी गोळी देऊन, कोणाला काय दिले हे गुप्त राखून परीक्षा पाहिली, तेव्हा गोळीने साखर उतरली आणि जांभळाच्या काढ्याने उतरली नाही. हा निर्णय पानांविषयी आहे, बियांविषयी नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण बियांच्या चूर्णाच्या भरवशावर ज्यांनी गोळ्या बंद केल्या त्यांची बाजू मांडायला मनुष्यावरचा तितकाच काटेकोर पुरावा हाती नाही, हेही तितक्याच न्यायाने सांगावे लागेल. चूर्ण आणि गोळी दोन्ही चालू ठेवणाऱ्याने डॉक्टरला तसे सांगून ठेवावे, नाहीतर साखर अकस्मात खाली जाण्याचा धोका संभवतो.

मग मधुमेह्याने जांभूळ खाऊ नये काय? अवश्य खावे, पण औषध म्हणून न खाता फळ म्हणून खावे. शंभर ग्रॅम जांभळातून साठ-बासष्ट उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच सीताफळातून शंभराहून अधिक. गोडी बेताची, तुरटपणा भरपूर, आणि मनुष्य एका बैठकीत खाऊन खाऊन किती खाणार, घसा आपोआपच पुरे म्हणतो. तुरटपणा ज्या टॅनिनांमुळे येतो ती मात्र चहाप्रमाणेच लोहाच्या आड येतात, म्हणून बोर जेवणाबरोबर आणि जांभूळ दोन जेवणांच्या मधल्या वेळी, अशी वाटणी केलेली बरी. रक्तक्षयी बाईला तरी ही वाटणी निक्षून सांगावी.

सीताफळाचे नाव निघालेच आहे. बीडचे सीताफळ ही या जिल्ह्याची एकुलती एक नामांकित फळसंपत्ती. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, अंबाजोगाईला त्याचे संशोधन केंद्र आहे आणि धारूरच्या डोंगरातून निवडलेली धारूर-६ ही जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना दिली आहे. वरकरणी ते मोठे फळ दिसले तरी त्याची प्रत्येक पाकळी हे एकेक स्वतंत्र लहान फळच असते, व अशी अनेक एकत्र जुळून सीताफळ होते, त्यामुळे आपल्या पंक्तीत त्याला जागा देण्यास हरकत नसावी. अशक्त मुलाला, बाळंतिणीला, फडावर जाण्यापूर्वी अंगी बळ यावे म्हणून कामकऱ्याला ते उत्तम. मधुमेह्याने हात राखून. बियांविषयी एक कडक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. उवा मरतात म्हणून सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला चोळण्याची चाल खेड्यापाड्यांत आहे, आणि ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होऊन तीव्र वेदना होतात, दृष्टीवरही परिणाम होतो. नेत्ररोगतज्ज्ञांना हे रुग्ण अपरिचित नाहीत.

तुती आणि कामोनी यांचा उल्लेख केवळ ओघात करतो. रेशीम शेतीमुळे बीड जिल्ह्यात तुतीची लागवड बरीच फैलावली आहे, पण ती सगळी पाल्यासाठी. वरचेवर छाटणी होत असल्याने फळ धरण्यास फांदीला उसंत मिळत नाही, आणि जे थोडे काळे फळ धरते तेही किड्यांच्या धांदलीत कोणी खुडत नाही. खरे म्हणजे खाणाऱ्याच्या दृष्टीने याहून निर्धोक फळ सापडणे कठीण, कारण फवारणीचा अंश पाल्यावर आला तर रेशमाचे किडेच मरतात, म्हणून तुतीला विषापासून जपावेच लागते. कामोनी मात्र जपून खावी. शेताच्या कडेची ही मिरीएवढी काळी फळे पोरे आवडीने खातात. पिकून पूर्ण काळी झालेली बाधत नाहीत, हिरवी विषारी असतात, त्यांनी ओकाऱ्या व जुलाब होतात.

शहरात आता महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर मिळतेच, शिवाय परदेशी ब्लूबेरीच्या काचेसारख्या पारदर्शक डब्याही दुकानांत मांडलेल्या असतात, आणि त्यांच्या गुणांचे वर्णन ऐकून मध्यमवर्गीय गृहस्थ शंभर ग्रॅमला जे दाम मोजतो त्या दामात पाटोद्याच्या आठवडी बाजारात हंगामात बोरांची पाटी येईल. ब्लूबेरीवर माझा राग नाही. अभ्यास तिच्यावर झाले कारण ते फळ पिकवणाऱ्या देशांत पैसा होता. जांभळावर आणि करवंदावर तसे अभ्यास झाले नाहीत कारण त्यांच्यामागे उभा राहणारा बागाईतदारच नव्हता. मालमत्ता नसलेल्या फळाला वकीलही मिळत नाही.

उलटपक्षी किंमत आली तर काय होते हेही डोंगरपट्ट्यात दिसू लागले आहे. करवंदाला आणि जांभळाला शहरात गिऱ्हाईक आहे असे कळल्यापासून जे पूर्वी पोरांच्या पोटात जात होते ते टोपलीत जाऊ लागले. बाईला चार पैसे मिळतात, त्यातून ती तेल-मीठ आणते, आणि पोर करवंदाऐवजी पाच रुपयांच्या पुडीतले तळलेले काहीतरी खाते. त्यात जमिनीचे सपाटीकरण करताना बांधावरच्या बोराट्या उखडल्या जातात, गायराने आक्रसतात, आणि जाळी जळाऊ काट्यांच्या भावाने तुटते. बोराचे बोरकूट करणे हा घरगुती साठवणीचा उपाय मात्र अजून टिकून आहे: पिकलेली बोरे उन्हात खडखडीत वाळवायची, आठळ्या वेगळ्या करून गर कुटायचा, त्यात मीठ, तिखट आणि आवडीप्रमाणे गूळ घालायचा. या वाळवणात क जीवनसत्त्वाचा पुष्कळ भाग नष्ट होतो, तंतू आणि खनिजे राहतात. म्हणजे ताज्या बोराची जागा बोरकूट घेऊ शकत नाही, पण उन्हाळ्यात तोंडाला चव आणण्याचे काम ते चोख बजावते.

राज्य सरकारने २०२३ साली शाळेतील दुपारच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे वा स्थानिक फळ देण्याची तजवीज केली होती. त्यातील स्थानिक फळ या दोन शब्दांचा अंमल आष्टी, पाटोदा आणि धारूर तालुक्यांत पौष-माघात बोराने करावा असे मला सुचवावेसे वाटते. केळे दुरून आणण्याचा खर्च वाचेल, त्याच ताटातल्या खिचडीतील लोह मुलांच्या अंगी लागेल, आणि ज्यांचे आईबाप त्या वेळी दूर उसाच्या फडात असतात अशा पोरांची या शाळांत मोठी संख्या असते हे ध्यानी घेतले तर तजविजीची निकड पटेल. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र बोरे आठळ्या काढूनच द्यावीत. घशात आठळी अडकण्याचे प्रसंग घडतात, आणि स्वयंपाकिणीला त्यासाठी अर्ध्या तासाचे जादा काम पडेल, त्याचा मेहनताना तिला द्यावा लागेल.